बाबांची हॉबी

माझा मॅनेजर डेल शिकारीसाठी खास रायफल बनवून घेणार होता. बॅरल नवी, दस्ता नवा. फक्त ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो भाग, जुन्या तयार रायफलचा वापरायचा. प्लेनोतल्या त्याच्या गराजमध्ये अशा तीन ॲक्शन टेबलावर मांडलेल्या होत्या. शनिवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं.

"प्रोफेसर, तुम्हीच निवडा!" तो बाबांना गमतीत म्हणाला.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बाबा प्रोफेसर होते, असं ऑफिसात मीच सांगून ठेवलं होतं.

मग त्यांनी बाह्या सारल्या. तिन्ही बोल्ट काढून चिंधीने पुसले, उजेडात धरले, पुन्हा बसवले आणि डोळे मिटून मागेपुढे सरकवून पाहिले.

"ही मधली घ्यायला सांग त्याला," ते मला म्हणाले. "बाकी दोन्हींचा बोल्ट एकाच बाजूला टेकतोय. आमच्या फॅक्टरीत असा माल रिजेक्ट व्हायचा."

मी त्यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकीचं डेलला सांगितलं. त्याने टॉर्च मारून पाहिलं आणि तो बघतच राहिला. "यांना हे कसं कळलं?"

"हॉबी आहे त्यांची," मी पटकन म्हणालो.

बाबांना तेवढं इंग्रजी कळत होतं. "येस, हॉबी," ते डेलकडे बघून हसले. मग हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, मराठीत म्हणाले,

"चौतीस वर्षं जोपासली. रोज सातच्या भोंग्याला, कार्ड पंच करून."