कावळा कशावर शिवला

ऊन चढलं तरी यादोराव सरपंचांच्या दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना.

कारध्याच्या घाटावर कैलाश मुंडण केलेल्या डोक्याने हात जोडून उभा होता. बाबांच्या मनात जे जे राहिलं असेल, ते ते त्याचं कबूल करून झालं होतं. बहीण डिंपलचं लग्न थाटात करीन. आईला अंतर देणार नाही. बाभळीवरचे दोन कावळे मात्र खाली यायचं नाव घेत नव्हते.

येतील तरी कसे? दहाव्याला आलेल्या गावाने घाटाची ग्रामसभा करून टाकली होती. यादोरावांनी पंधरा वर्षं गावावर राज्य केलं, तेव्हा ब्र काढायची कोणाची टाप नव्हती. आता तलावाच्या खोलीकरणाचे चाळीस लाख कुठे गेले, यावर सगळ्यांनाच कंठ फुटला होता.

"मेलेल्या माणसाले कायले बोलून राहिले जी?" म्हातारे देवाजी म्हणाले.

"जिता होता तवा बोलू देल्लं का त्यानं?" तुलाराम उसळला. मग कैलाशकडे वळला. "तलावाचे पैसे भरून देतो म्हण बापाले. मंग पाय, कसा नाही येत कावळा!"

पैसे कुठे गेले, कैलाशला खरंच ठाऊक नव्हतं. बाबांनी घेतले नाहीत, असंही छातीठोक सांगता येत नव्हतं. हो म्हणावं तर बाप चोर ठरतो, नाही म्हणावं तर बाप उपाशी राहतो. इथलं बोलणं ऐकू न येण्याइतक्या दूर, वर झाडाखाली बायकांत बसलेली आई तोंडाला पदर लावून कावळ्यांकडेच पाहत होती. त्याला ते बघवेना.

"बाबा," तो म्हणाला, "तलावाचे पैसे मी भरून देतो."

सकाळपासून पहिल्यांदाच सगळा घाट चिडीचूप झाला. एक कावळा उतरला आणि त्याने पिंडात चोच घातली.

"शिवला!" तुलाराम ओरडला. "आता आखीन कोनता पुरावा पायजे?"

एकच गलका उठला. कावळा घाबरून उडाला.

"तुमी गप झाले म्हणून आला जी तो," कैलाश सांगत होता. ऐकतो कोण!

आई लगबगीने घाट उतरून आली. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

"शिवला ना रे? काय अटकलं होतं त्यायच्या मनात?"

कैलाशने मान खाली घातली. आई एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. तुलारामलाही तिला सांगवेना.

घाट पुन्हा चिडीचूप झाला, आणि बाभळीवरचा दुसरा कावळा खाली उतरला.