मंगळागौरीतला आडवा पाय

झिम्मा रंगात आला होता आणि ठकूताईंचे पाय हॉलच्या दारातच खिळले. पार्किन्सन्सने हे नवंच खूळ आणलं होतं. माणूस निघायचा, पाय मागे राहायचे.

"आई, तुम्ही आपल्या इथेच बसा, टाळ्या वाजवा. पॉझिटिव्ह राहायचं," म्हणत सुनेने दंडाला धरून ओढलं.

"ओढतेस काय? मी काय अडलेली म्हैस आहे? आणि टाळ्या वाजवायला कीर्तनाला आलेय का? नातीची मंगळागौर आहे, मी खेळणारच. शर्वरी, इकडे ये. तुझा पाय टाक माझ्यापुढे आडवा."

सपाट फरशीवर हटून बसणारा पाय पुढ्यात काही आडवं आलं की मुकाट्याने उचलतो, हे त्यांनी घरी मांजराला ओलांडताना हेरलं होतं.

नात नऊवारी सावरत खाली बसली, पाय पसरला. तोच नणंद ओरडली, "अगं वहिनी, पोरीला ओलांडतेस? वाढ खुंटते!"

"वन्सं, घोडी साडेपाच फूट झालीय. अजून वाढली तर जावई तिच्या काखेत मावेल."

बायका खो खो हसल्या. ठकूताईंचा पाय उचलला आणि नातीच्या पायावरून पलीकडे रिंगणात पडला. थरथरणारे हात त्यांनी तसेच समोरच्या बाईपुढे टाळीला धरले.

"पोरींनो, जरा हळू घ्या गं," सून धास्तावून म्हणाली.

"हळू घ्याल तर याद राखा," ठकूताई फिस्कारल्या. "मला थांबवायला हा मेला आजार पुरेसा आहे. त्याला तुमची मदत नको."