डावी किडनी

रोह्याच्या तपासणी शिबिरात सोनोग्राफीचं नवं मशीन आलं होतं. पोटावरून नुसतं फिरवलं की पडद्यावर लिव्हर, किडन्या, सगळ्यांभोवती आपोआप हिरवी रेघ ओढली जायची.

"डावी नाय हो डाक्टर, पोराला दिलीय मी," शकूबाई सांगत राहिल्या. डॉक्टरांनी मान वर न करताच रिपोर्ट हातात दिला : दोन्ही किडन्या उत्तम.

घरी सुनेनं तो मोठ्यानं वाचला. "दोन्ही शाबूत हायत की! मग आई, उद्यापासून पाण्याचे हंडे तुम्हीच आणा."

शकूबाईंनी मुलाकडे, नितेशकडे बघितलं. तो शिफ्टला निघाला होता.

पोटावरचा टाक्यांचा व्रण झाकत त्यानं शर्टाची बटणं लावली आणि म्हणाला, "मशीन कशाला खोटं बोलेल, आये?"