उबदार गाठोडी

लॉन्ड्रीत रोज लहान मुलांच्या कपड्यांची गाठोडी येत. ती नेहमी उबदार असत, आत्ताच कुणाच्या अंगावरून उतरवल्यासारखी. धुतलेले कपडे न्यायला मात्र कुणी येत नसे.

"ताई, ही मुलं असतात तरी कुठं?" नव्या बाईनं विचारलं.

"आपण धुवायचं. नसत्या चौकशा कशाला?" मुकादमबाई हसत म्हणाल्या. कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आज पिवळा स्वेटर निघाला. कोपरावर हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. ते त्यांनी स्वतःच कालच केलं होतं आणि सकाळी लेक तोच स्वेटर घालून शाळेत गेली होती.

स्वेटर अजून उबदार होता.

पण तोवर त्यांच्या सरावलेल्या हातांनी तो झटकून, उलटा करून मशीनमध्ये टाकलाही होता. पाणी भरू लागलं.

"पुढचं गाठोडं सोडा," त्यांचाच आवाज म्हणाला.