फडक्याची घडी

"हवा एकदम शुद्ध हाय मॅडम, तुमीच बघा," सेलूच्या कापूस जिनिंग कारखान्याचा मॅनेजर आदिनाथ म्हणाला. नाकावरचा रुमाल मात्र त्याने काढला नाही.

सुनेत्राला त्याची शिसारी आली. कारखान्यांतली हवा तपासून अहवाल द्यायचं तिचं काम. असले रुमालवाले तिने ढिगाने पाहिले होते. बोलायला पुढे, आत शिरायला मागे!

सकाळी तिने कापूस टाकणाऱ्या सगुणाबाईच्या साडीवरच्या सदऱ्याला छोटा पंप अडकवला होता आणि गळ्याशी फिल्टरची डबी. बाई जी हवा ओढेल तीच डबीतून जाणार, धूळ फिल्टरवर बसणार. धूळ जास्त निघाली की मालकाला ती ओढून घेणारे पंखे बसवणं भाग होतं. नाही निघाली तर सगुणाबाईने असंच खोकत राहायचं. सुटीनंतर कामावर आलं की छाती आवळून येते, हे सांगतानाही तिला दोनदा थांबावं लागलं होतं.

आणि पंप लावल्या लावल्या या महाशयांनी सुनेत्राला चारपर्यंत ऑफिसात अडकवून ठेवलं. ही फाईल बघा, ते सर्टिफिकेट बघा. ती बसलीही. आता तिला स्वतःचाच राग येत होता.

तिने डबी उघडली. आतला फिल्टर पांढराशुभ्र. मशीनच्या खडखडाटात, डोक्याच्या केसांपासून पापण्यांपर्यंत रुई बसलेली सगुणाबाई समोर उभी, आणि फिल्टरवर डाग नाही!

"बघा!" आदिनाथ रुमालाच्या आतून खुलला. "मी काय म्हणलो? लिहून टाका मॅडम. चहा सांगू का?"

"थांबा हो जरा. सगुणाबाई, डबीला काय केलं होतं?"

सगुणाबाई घाबरली. तिने कमरेला खोचलेलं फडकं काढलं. चार पदरी घडी. वरून करड्या धुळीचा थर, आतून स्वच्छ.

"हे बांधलं व्हतं. तुमी येताना दिसल्या म्हणून आत्ताच सोडलं."

"पण हे तर तुम्ही सकाळी नाकाला बांधलं होतं."

"व्हय की. पण तुमी हापिसात गेल्या आन् साहेब येऊन म्हणले, लय महागाचं मशीन हाय, घाण गेली तर तुझ्याकडून भरून घेईन. मंग काय करता? माझं बांधलं त्याला." तिला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "बिघडलं तर न्हाई ना वो?"

सुनेत्राने आदिनाथकडे पाहिलं. लबाडी असती तर तिला एक वेळ चाललं असतं. लबाडीला निदान डोकं लागतं. या माणसाने नुसत्या हलकट कंजूषपणातून फिल्टर कोरा ठेवला होता, आणि ते त्याच्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

तिने डबीवर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं: रद्द.

"अहो, रद्द कशापायी? पांढराच निघालाय की!" आदिनाथचा रुमाल पहिल्यांदाच नाकावरून घसरला. "तिची चूक हाय. हवेचा काय दोष?"

"उद्या मी परत येते. सकाळपासून इथंच उभी राहणार. ऑफिसात नाही, चहा नाही." सुनेत्रा सगुणाबाईकडे वळली. "उद्या फडकं तुमच्या नाकाला. डबी उघडीच ठेवायची. दिवसभर."

सगुणाबाईने एकदा साहेबाकडे पाहिलं, एकदा डबीकडे. तिला मशीनची खरोखरच काळजी वाटत होती.

"उघडी नका ठेवू मॅडम," ती म्हणाली. "हितली हवा मशीनला सोसायची न्हाई."