इंजिनाचा बेंदूर

"ठोका देतंय, आप्पासो. इंजान बंद कराय पायजे."

केरबानं हे तिसऱ्यांदा सांगितलं. सरपंच आप्पासोंनी इंजिनाकडं कान केला आणि मान हलवली. "मला तर न्हाई बा ऐकू येत."

"आतनं वाजतंय. मधीच एक ठक्."

"तुला एकट्यालाच बरं ऐकू येतंय रं!" आप्पासो हसले. घागरी घेऊन आलेल्या बायाही हसल्या. केरबाला रागवायचंही त्राण नव्हतं.

बाहत्तर साल. आषाढ निम्मा सरत आला तरी तासगावच्या पूर्वेला टिपूस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते. पाणी होतं ते ओढ्याकाठच्या या एका विहिरीला, आणि तिच्यावर गाव नि चार वाड्या जगत होत्या. तिच्यावरचं डिझेल इंजिन एकवीस दिवस थांबलं नव्हतं. आप्पासो रोज सकाळी इंजिनाच्या खोलीच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढत. शेजारच्या गावचं इंजिन अकराव्या दिवशी बसलं, तेव्हापासून तर त्या रेघा पाहुण्यारावळ्यांना दाखवल्या जात.

इंजिन केरबाच्या हातात होतं. पलटणीच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं काढून तो गावी आला होता. चालत्या इंजिनात तेल घालायचं, पट्टा सावरायचा, जेवण तिथंच, झोप तिथंच. झोप कसली, आवाज जरा बदलला की हा उठून बसलेला. दुसऱ्या कुणाला बसवू म्हटलं तर हाच नाही म्हणायचा. लोक म्हणायचे, केरबा म्हणजे वाघ हाय. वाघाचे डोळे तांबडेलाल झाले होते, हे कुणी बघितलं नाही.

"आत्ता एक दिस थांबलं तर भागंल," केरबा म्हणाला. "बेरिंग गेलं तर सांगलीस्नं सामान येऊस्तवर आठ दिस जात्याल. तवर लोकं काय पित्याल?"

"आन् बंद केल्यावर पुन्ना चालूच झालं न्हाई तर?"

 केरबालाही तीच भीती होती.

"चाललंय त्ये चालू द्या की," बनुबाई म्हणाली. ही केरबाची आत्या, विहिरीला लागूनच राहायची. "वाहत्या पाण्याला कशापायी आडवायचं?"

आता आत्याही फिरली म्हटल्यावर केरबा इरेला पेटला. "परवा काय हाय, आत्ये?"

"बेंदूर."

"गावातली बैलं चाऱ्यापायी पावण्यांच्यात धाडली. आता गावाला वढणारं जनावर ह्येच एक उरलंय. बेंदूर म्हंजी बैलांचा सण, त्या दिशी बैल जुंपत्यात व्हय?"

ठोक्याला कुणी जुमानलं नव्हतं. बेंदूर म्हटल्यावर मात्र बायांनी घागरी खाली ठेवल्या. आप्पासोंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ह्ये मातूर खरं हाय गड्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावानं होती नव्हती तेवढी भांडी भरून ठेवली. बेंदराच्या सकाळी आप्पासोंनी इंजिनाला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि केरबानं इंजिन बंद केलं. गाव एकदम मुकं झालं. लांबच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येऊ लागलं.

आणि त्या शांततेत केरबाला ऐकू आलं, ठक्.

चाक अजून फिरतंय असं त्याला वाटलं. त्यानं चाकावर हात ठेवला. चाक जागच्या जागी उभं. ठक्.

त्यानं इंजिन खोललं. एकेक भाग पुसून गोणपाटावर मांडला. बेरिंग चकचकीत होतं. व्हॉल्व्ह नीट होते. कुठं ओरखडा म्हणून नव्हता.  भिंतीवरच्या रेघा आपण मोडल्या, गावाचं पाणी बंद पाडलं, आणि आत काहीच नाही! त्यानं सगळं परत बसवलं आणि हँडल मारलं. पहिल्याच दणक्यात इंजिन चालू झालं. घटकाभरानं त्यानं ते पुन्हा बंद केलं, बेंदराचा शब्द दिला होता म्हणून. मग भिंतीला टेकून तो खाली बसला आणि दोन्ही कानांवर तळवे दाबले. ठोका जास्तच मोठा झाला.

"घावला का ठोका?" दारातून आप्पासोंनी विचारलं. मागं निम्मं गाव उभं होतं.

केरबानं तळवे आणखी घट्ट दाबले.

तेवढ्यात बनुबाई वाट काढत आली. एका हातात पुरणपोळीचा निवद, दुसऱ्या हातात हळद आणि तुपाची वाटी. "सरा बाजूला. काल त्ये चालू हुतं म्हणून खांदामळणी ऱ्हायली, जुवाखालचा खांदा हळदतुपानं चोळायचा ऱ्हायला," ती म्हणाली. तिनं इंजिनाला चारी बाजूंनी न्याहाळलं. "आगं बया, ह्याला खांदा कुठं आसतोय?"

लोक खो-खो हसले. बनुबाई हसली नाही. तिचं लक्ष खाली गेलं होतं. कान दाबून बसलेल्या भाच्याकडं ती बघत राहिली.

तिनं निवद त्याच्यापुढं ठेवला. वाकून त्याच्या सदऱ्याची कॉलर मागं सारली. बोटं वाटीत बुडवली आणि हळदतूप त्याच्या मानेला, खांद्याला चोळू लागली. केरबाचे हात कानांवरून आपोआप खाली आले.

"घावला गं बाई खांदा," ती म्हणाली. "आप्पासो, ह्याला आज कुणी जुंपायचा न्हाई."