जगनची जीभ

“जीभ बाहेर काढा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

जगनने काढली. ती सरळ आली नाही, डावीकडे वळली. डावी बाजू सुकलेल्या आमसुलासारखी आक्रसली होती आणि आतल्या आत थरथरत होती. मागे उभ्या असलेल्या दिनानाथचंही तोंड नकळत उघडलं. त्याने ते पटकन मिटलं.

“जीभ हलवणारी नस दाबली जातेय,” बाई म्हणाल्या. “डोक्याच्या तळाशी गाठ असावी. लगेच पनवेलला जाऊन तपासून घ्या. वेळेत काढली तर जीभ थोडी तरी सुधारेल. थांबलात तर घास गिळणंही बंद होईल. मग काय होईल ते मी सांगायला नको.”

“नाय,” जगन म्हणाला. तेवढा एक शब्द त्याला अजून स्वच्छ जमत होता. चप्पल घालून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

रोह्याहून स्कूटरवरून आपल्या निडी गावाकडे परतताना दोघे भाऊ गप्प होते. तसे ते दोन वर्षं गप्पच होते. आज वहिनीने हात जोडले म्हणून दिनानाथ मोठ्या भावाला घेऊन निघाला होता. “भावजी, माझा ऐकत नाय,” सरू म्हणाली होती. “जेवताना बोटाने घास फिरवतात. मला बघवत नाय.”

भांडण बांधाचं होतं. दोघांच्या शेतांमधला हद्दीचा दगड एक दिवस भलत्याच जागी दिसला. जगन म्हणाला, दगड इथे नव्हता. दिनानाथ म्हणाला, दगड होता तिथेच आहे. जगनने कुणाचं नाव घेतलं नाही, पण गावात घरं मोजकी आणि त्या दगडाला भाऊ दोनच. शेवटी गावकी बसली. दोघांनी अंघोळ करून, ओल्या अंगाने गावदेवीच्या पायरीवर उभं राहायचं, हातात नारळ धरायचा आणि बोलायचं, असं ठरलं. खोटं बोलेन तर जीभ झडो. आधी जगन बोलला, मग दिनानाथ. दोघांचाही आवाज कापला नाही. सगळे घरी गेले, जगन मात्र पायरीवर बराच वेळ बसून राहिला.

पुढच्या शिमग्याच्या सुमारास जगनचे शब्द अडखळायला लागले. मग बोलताना जीभ चावली जाऊ लागली, मग ती एका बाजूने सुकत गेली. गावाने काय ते ओळखलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तेव्हा पायरीवर बसून माफी मागत होता, असंही आता लोकांना आठवलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं.  जगनने बांधालगतची वादातली पट्टी मुकाट्याने सोडली आणि दिनानाथने तिथे वाल पेरले.

वाल चांगले आले. दिनानाथ मात्र खंगला. सकाळी उठल्या उठल्या तो आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहायचा. स्कूटरच्या आरशातही बघायचा. कधी जेवताना तोंडात जीभच नाही असं वाटून तो घास ताटात टाकायचा. “भावाचा दुखणा तुमाला कशाला व्हईल?” त्याची बायको नूतन समजूत घालायची.  भावाची हाक ऐकू आली की त्या बोबड्या आवाजाने त्याच्या अंगावर काटा येई.

आज वाटेत शेताशी आल्यावर त्याने स्कूटर थांबवली.

“उतर, दादा.”

वालाच्या वेली तुडवत तो दगडापाशी गेला. हातांनी माती उकरली, दगड मोकळा केला आणि ढकलत ढकलत मूळच्या जागी आणून रोवला. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. जगन बांधावर उभा राहून बघत होता.

“मी सरकवला व्हता,” दिनानाथ म्हणाला. त्याला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त लाज. “खोटी शपथ मी घेतली. देवी चुकली, दादा. रोज वाट बघतो माझी जीभ कधी जाते त्याची, आणि जाते तुझी. तुला कसला शाप नाय. उद्या गावकीत सगळं सांगतो. पण पनवेलला चल.”

जगन दचकला नाही. तो बांधावर बसला. शेजारची जागा त्याने हाताने झाडली आणि दिनानाथला बसवलं. मग डावा गाल तळहाताने आधारून एकेक शब्द सावकाश जुळवत बोलू लागला.

“म्हायती हाय. दगड हलवताना मी बघितला व्हता तुला.”

“मग गावासमोर बोललास का नाय?”

“बोलणार व्हतो. पण तू नारळ हातात घेऊन खोटा बोललास, आणि वाटला, आता तुझी जीभ झडणार. सगळे गेल्यावर देवीला सांगितला, धाकटा हाय, येडा हाय. त्याची नको. माझी घे.”

दिनानाथला रडू फुटलं. “घेतली ना तिने! झाला ना आता! मग डॉक्टरकडं यायला काय व्हतंय तुला?”

जगनने पदरचं मूल धरावं तसा धाकट्या भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याचं तोंड नीट न्याहाळून घेतलं.

“मी बरा झालो, तर ती तुझी मागेल ना रे.”